पुण्यातील आवडीची ठिकाणे आणि त्यांची दारे



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून मिसळ, बिस्किटे आणि भातुकली ह्यांविषयी बोलावयाचे, म्हणजे वक्त्याला जरा चोरट्यासारखे होते. ह्या व्यासपीठाची परंपरा गंभीर विषयांची. वेदान्त, अर्थकारण, परराष्ट्रनीती, साहित्यातील वाद असे विषय येथे शोभून दिसतात. परंतु आपले एक गुपित मला ठाऊक आहे. व्याख्यान कितीही विद्वत्तापूर्ण झाले तरी सभा सुटल्यावर दारापाशी घोळके जमतात, आणि त्यांतील निम्म्या घोळक्यांत चर्चा चालते ती वक्त्याच्या सिद्धान्ताची नव्हे. आता चहा कोठे घ्यावयाचा, ह्याची. ह्या दुसऱ्या प्रश्नावर पुणेकर जितक्या निष्ठेने भांडतो तितक्या निष्ठेने पहिल्यावर भांडत नाही. तो दाराबाहेरचा विषय आज मी दाराच्या आत आणला आहे, एवढेच.

प्रथम माझी मते सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना उठून जावयाचे असेल त्यांची सोय होईल. मिसळ नारायण पेठेतल्या बेडेकरांची. तिच्या रश्शात किंचित गोडवा आहे हे मला मान्य आहे, आणि तो असलाच पाहिजे असे माझे मत आहे. टिळक रस्त्यावरच्या रामनाथाचे भक्त घाम पुसत पुसत मला पुळचट म्हणतात, म्हणोत बापडे. बिस्किट खावे तर कॅम्पातल्या कयानीचे श्रूसबरी. ते चहात बुडवणे हा मी अपराध समजतो. ते नुसते खावे, आणि खाताना बोलू नये. बाकरवडी चितळ्यांची, पण आणल्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी, मसाला मुरल्यावर. मस्तानी हे पेय नाही, ते जेवण आहे, आणि जेवून आलेल्या माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये. भातुकली घ्यावयाची ती तुळशीबागेत, आणि पितळेची. सूर्यास्त पाहावयाचा तो पर्वतीवरून. ह्यांपैकी एकाही विधानाला पुरावा नाही, आणि एकही विधान मी मागे घेणार नाही.

आता विषयाकडे वळतो. आपण जेव्हा म्हणतो, 'मला अमुक ठिकाण फार आवडते,' तेव्हा त्या वाक्यात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. त्या ठिकाणाचे दार आपल्याला उघडे होते. आपण आत गेलो, हव्या त्या बाकावर बसलो, इतरांच्याच पेल्यातून प्यालो, आणि पैसे देऊन बाहेर आलो. ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिला इतिहास असेल असे मनातही येत नाही. परंतु तिला इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. आवडनिवड ही नंतरची गोष्ट, आधी दार. पुण्यातील ही दारे कशी आणि कोणाकोणासाठी उघडली, ते आज मला सांगावयाचे आहे.

एक चहाचा पेला

ह्या इतिहासाचा आरंभ आपल्या घरापासूनच करू. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, त्यांनाच पुढे एका चहाच्या पेल्यापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले.

१८९० च्या ऑक्टोबरातील ही गोष्ट. गुरुवार पेठेत पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. शहरातील नामांकित मंडळींना निमंत्रणे होती. रानडे, टिळक, गोखले ह्यांच्यासारखी माणसे तेथे गेली. भाषण झाले, आणि मग मिशनमधील लोकांनी पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेविली. कोणी चहा प्याले. कोणी सभ्यता म्हणून पेला हाती घेऊन बाजूला ठेवला. तेवढ्यावर ते संपले असते. पण गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे यजमान, हे गृहस्थ विलक्षण. त्यांनी हजर असलेल्यांची यादीच 'पुणे वैभव' पत्रात छापून आणविली. त्याबरोबर गावात वणवा पेटला. ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी मंडळ नेमले गेले, आणि वर्ष दीड वर्ष पुण्यात दुसरा विषय नव्हता. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. आपल्यामुळे स्नेह्यांच्या घरची कार्ये अडून बसली आहेत, हे त्यांना पाहवेना. त्याबद्दल सनातन्यांनी नव्हे तर सुधारकांनीच त्यांना अधिक बोल लावले. रमाबाई रानडे ह्यांनी आपल्या आठवणींत हे सारे प्रकरण मोठ्या संयमाने लिहून ठेविले आहे.

आज आपण ह्या कथेला हसतो. मला तीत हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे पुष्कळ दिसते. हायकोर्टाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पोहोचणारा पुरुष, ज्याच्या बुद्धीपुढे सरकार दबून असे, तो चहाच्या पेल्यापुढे हतबल झाला. आणि हे ज्यांचे वजन होते त्यांच्या बाबतीत. ज्यांच्या शब्दाला गावात काहीच वजन नव्हते त्यांचे काय होत असेल?

त्यांचे काय होत होते हे जाणणारा एक मनुष्य पंचहौदापासून फारसा दूर राहत नव्हता. गंज पेठेतील आपल्या घरचा हौद महात्मा फुल्यांनी १८६८ मध्येच अस्पृश्यांना खुला केला होता. चहाच्या समारंभानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, फुले वारले. एकाच शहरात, एकाच ऋतूत, एकीकडे पाण्याचे दार बावीस वर्षे उघडे ठेवणारा मनुष्य जगातून जात होता, आणि दुसरीकडे चहा प्याला कोण ह्याची यादी छापली जात होती. पुण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवावी, असे मला वाटते.

वारापासून खानावळीपर्यंत

त्या काळी घराबाहेर जेवणे ही चैन नव्हती. ती बहुतेक नडलेल्याची पाळी होती. पुणे हे विद्येचे गाव. कोकणातून, देशावरून मुले शिकावयास येत. ज्यांच्यापाशी पैसा नसे ती माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवसांचे सात उंबरे. ह्या सात उंबऱ्यांवर मोठी झालेली किती तरी माणसे पुढे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात नावारूपाला आली. पण वार मिळत तेही जात पाहून. ब्राह्मणेतर मुलाला, आणि अस्पृश्य मुलाला तर विशेषच, ह्या शहरात शिकावयाचे तर जेवावयाचे कोठे हा पहिला प्रश्न पडे. विद्येचे दार सरकारने उघडले तरी ताटाचे दार बंद असल्यावर विद्यार्थी टिकावा कसा? पुढे निघालेल्या निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांचे मूळ ह्या प्रश्नात आहे.

मग खानावळी निघाल्या. त्यांच्या पाट्यांवरही जातच असे: अमुक ब्राह्मणी खानावळ, तमुक मराठा खानावळ. ह्यात सोय होती, चवीची ओळख होती, आणि भिंतही होती. पैसे देऊन अन्न विकत घेता येते एवढे मात्र ह्या खानावळींनी रूढ केले. अन्न हा उपकार नसून व्यवहार आहे, हे एकदा ठरले की पुढची पायरी येते. व्यवहारात गिऱ्हाइकाचे नाणे पाहतात. कूळ पाहत बसले तर धंदा बुडतो.

ह्या मार्गावरची एक मजेदार संस्था म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार ह्यांनी ते १९३५ मध्ये काढले. बोलपट आला, मूकपटाचे दिवस संपले, आणि ज्याने पडद्यावर माणसे नाचविली त्याने पानात माणसे जेवविली. नाटकातली, सिनेमातली, तमाशातली माणसे तेथे उतरत आणि जेवत. कलावंताला घर भाड्याने द्यावयास लोक नाखूष असत त्या काळात त्याला हक्काने पाय ठेवण्यास एक जागा मिळाली, हे लहान काम नव्हे. तेथली अस्सल मराठी पदार्थांची चव मला प्रिय आहे. पण त्याहून प्रिय आहे ती ही हकीकत.

इराणी आणि उडपी

पुण्याला एका टेबलाशी बसावयास कोणी शिकविले, असे मला कोणी विचारले तर मी कोणत्याही सुधारणा-मंडळाचे नाव घेणार नाही. मी सांगेन, प्रथम इराण्याने आणि मग उडप्याने.

इराणी आले ते याझ्द, केरमान अशा दूरच्या मुलुखांतून. त्यांत पारशी धर्माचे होते तसे मुसलमानही होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून आपले दुकानदार ती घेत नसत. इराण्याने ती घेतली आणि दोन्ही रस्त्यांची गिऱ्हाइके त्याची झाली, असे सांगतात. संगमरवरी फरशीची टेबले, काळ्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक. त्याला आपल्या जातींची उतरंड ठाऊकही नव्हती, आणि ती ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही नव्हती. डेक्कन जिमखान्यावरचे कॅफे गुडलक १९३५ मधले. तेथे बन-मस्का आणि चहा घेऊन किती पिढ्यांनी परीक्षा बुडविल्या, कविता लिहिल्या, चळवळींचे बेत केले, त्याची गणती नाही. सनातनी घरांतून 'इराण्याकडे जातो' हे वाक्य 'बिघडला' ह्या अर्थाने वापरले जाई. ते एका अर्थी खरेच होते. इराण्याकडे गेलेला मुलगा भेद पाळण्याच्या कामी बिघडूनच परत येई.

उडप्याची रीत निराळी. दक्षिण कानड्यातला हा स्वयंपाकी उडुपीच्या कृष्णमठाच्या सात्त्विक पाकपरंपरेचे नाव बरोबर घेऊन आला. सोवळ्यातल्या माणसालाही त्याच्या इडलीविषयी शंका घेता येईना. अशा रीतीने जो मनुष्य इराण्याची पायरी चढला नसता तो उडप्याच्या दुकानात येऊन बसला. आणि बसल्यावर पाहतो तो शेजारच्या खुर्चीवर कोणीही! स्वयंपाकघराचे सोवळे त्याला आत घेऊन आले, आणि बैठकीच्या खोलीने ते सोवळे हळूच सोडविले. कोणी व्याख्यान दिले नाही, कोणी प्रायश्चित्त मागितले नाही. सांबार गरम होते, टेबले थोडी होती, आणि खोळंबा फार होता. एवढ्यात काम झाले.

फर्गसन रस्त्यावरची 'वैशाली' ही आपल्याकडची ह्या परंपरेची पताका. जगन्नाथ शेट्टी ह्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत ती उभी केली. तेव्हा तिचे नाव 'मद्रास हेल्थ होम' असे होते. २०२३ मध्ये शेट्टी वारले तेव्हा पुणेकरांनी घरचे वडीलधारे माणूस गेल्यासारखा शोक केला. दक्षिणेतून पोटासाठी आलेला एक मुलगा पुण्याचा वडीलधारा होतो, हेही एक दार उघडणेच होय.

येथे स्त्रियांचा उल्लेख केला नाही तर हा इतिहास अर्धा राहील. पुरुष इराण्याकडे जाऊन बिघडत होते तेव्हा त्यांच्या आया-बहिणी कोठे होत्या? घरी. हॉटेलात बाईमाणसाने बसणे हे अब्रूचे काम नव्हते. पुढे 'फॅमिली रूम' निघाली: लाकडी आडोसा, त्याला एक मळकट पडदा. माझ्या आईने आयुष्यातला पहिला मसाला डोसा अशा पडद्याआड खाल्ला. तिचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते. आठ माणसांचा स्वयंपाक रोज दोन वेळा करणाऱ्या त्या बाईपुढे दुसऱ्या कोणी केलेले गरम पान आले, तेव्हा ती काही क्षण नुसती पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, 'वाढले कोणी मला इतक्यात?' मला तो डोसा कसा होता ते आठवत नाही. तिचा आवाज आठवतो. आज तरुण मुली त्याच रस्त्यावर मोकळ्या अंगणात बसून कॉफी पितात, मोठ्याने हसतात. कोणी नाक मुरडले म्हणजे मला त्या पडद्याची आठवण होते, आणि मी मनात म्हणतो, आणखी मोठ्याने हसा.

मंडई आणि दुकाने

आता दुकानांकडे जाऊ. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरे. नगरपालिकेने त्यासाठी मोठी इमारत बांधावयाचे ठरविले, तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा फुल्यांनी ह्या खर्चाला विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे लावा, असे त्यांचे म्हणणे. इमारत झालीच. १८८६ मध्ये ती उघडली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांचे नाव तिला मिळाले. पुढे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने 'रे मार्केट'ची 'महात्मा फुले मंडई' झाली. ज्या इमारतीला ज्याने विरोध केला तिलाच त्याचे नाव! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो? तथापि मला त्यात औचित्यही दिसते. भाजी पिकविणारा शेतकरी, वाहणारा हमाल आणि विकणारी बागवान-माळी मंडळी ह्यांच्या कष्टाचा हिशेब ज्याने मांडला, त्याच्याच नावाखाली त्यांचा बाजार भरावा हे योग्यच झाले. त्या उंच मनोऱ्याखाली सकाळी सातला उभे राहावे. मेथीचा, कोथिंबिरीचा, ओल्या तरटाचा असा एक मिश्र वास येतो. पुण्यात मला त्याहून अधिक आवडणारा सुगंध नाही.

मंडईपासून दोन पावलांवर तुळशीबाग. पेशवाईत नारो अप्पाजी तुळशीबागवाले ह्यांनी बांधलेले राममंदिर मध्ये, आणि सभोवार बायकांच्या जिव्हाळ्याच्या जिनसा. देवाच्या नावाने बाहेर पडावे आणि बांगड्या, समया, भातुकली घेऊन परत यावे, ही सोय ज्या काळात स्त्रीला बाहेर पडावयास कारण लागे त्या काळात केवढी मोलाची होती! हॉटेलचा पडदा दूर होण्याच्या कितीतरी आधी तुळशीबागेने पुण्यातल्या स्त्रीला एक मोकळी पेठ दिली होती.

चितळ्यांची कथा सर्वांना माहीत आहे. भिलवडीच्या दुधाच्या धंद्यातून निघालेले हे घराणे १९५० मध्ये पुण्यात मिठाईचे दुकान घालते काय, आणि त्याची बाकरवडी साता समुद्रांपलीकडे जाते काय! दुपारी एक ते चार दुकान बंद, ह्यावर महाराष्ट्राने जेवढे विनोद केले तेवढे क्वचितच कशावर केले असतील. २०१७ मध्ये ती दुपारची झोप संपली. मला आपले वाईट वाटले. दार बंद असले तरी ते सर्वांना सारखेच बंद होते; मंत्री आला तरी चारपर्यंत थांबे. अशा बंद दाराबद्दल माझी तक्रार नाही.

आणि कॅम्प. १८१८ नंतर इंग्रजांची छावणी वसली आणि पुण्याला दुसरे पुणे लाभले. तेथे दोराबजींचे १८७८ पासूनचे भोजनगृह आहे. ईस्ट स्ट्रीटवर कयानीची १९५५ मधली बेकरी आहे. पेठेतला मनुष्य एके काळी कॅम्पात जाई तो परगावी गेल्यासारखा. इंग्लंडातल्या एका गावाचे नाव, इराणी हात, आणि ते बिस्किट दिवाळीच्या फराळाशेजारी मांडणारे सदाशिव पेठेतले घर! पंचहौदाच्या बिस्किटापासून कयानीच्या बिस्किटापर्यंत ६५ वर्षांचे अंतर आहे. माझ्या मते पुण्याच्या सामाजिक सुधारणेची लांबी मोजावयास ह्याहून सोपी फूटपट्टी मिळणार नाही.

पर्वतीच्या पायऱ्या

परंतु सर्वच दारे अशी हसत-खेळत उघडली नाहीत. पाहुणा आला म्हणजे आपण त्याला पर्वती दाखवितो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये येथे देवदेवेश्वराची स्थापना केली. शंभराच्या वर पायऱ्या चढून वर गेले म्हणजे सारे शहर पायाशी पसरलेले दिसते. मी तेथील सूर्यास्ताची शिफारस केली आहे ती कायमच आहे. मात्र तेथे उभे राहिले म्हणजे मला १९२९ चा ऑक्टोबर आठवतो.

त्या महिन्यात पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज हे पुढारी होते. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी ह्यांच्यासारखी तरुण मंडळी त्यांच्या बरोबर होती. ह्याच पायऱ्यांवर सत्याग्रहींवर दगड पडले. मारणारे कोणी परके नव्हते. आपल्याच शहरातले होते. मंदिर तेव्हा उघडले नाही. पुढच्या वर्षी नाशिकास काळाराम मंदिराचा लढा सुरू झाला; १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलासाठी प्राण पणाला लावले; त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पाहुण्याला पर्वती दाखविताना आपण पेशव्यांची गोष्ट सांगतो. त्या पायऱ्यांची ही दुसरी गोष्टही सांगावी, अशी माझी आपणांस विनंती आहे. सूर्यास्त काही त्याने कमी सुंदर दिसत नाही.

घटनेतील एक ओळ

आता माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. खाण्याची ठिकाणे, दुकाने, प्रेक्षणीय स्थळे ही फावल्या वेळच्या गप्पांची यादी आहे, असे आपण समजतो. पण हीच यादी भारताच्या राज्यघटनेत आहे. घटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात स्पष्ट सांगितले आहे की, दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेश करण्याच्या कामी धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्यांवरून कोणाही नागरिकावर बंधन घालता येणार नाही. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते ह्यांचाही उल्लेख लगेच पुढे आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ह्या कलमावर चर्चा झाली. 'दुकान' ह्या शब्दात काय काय येते, असा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने घेतला असल्याचे सांगितले: मोबदला घेऊन सेवा देणारा जो जो, तो तो त्यात आला.

एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. ज्याला हॉटेलाबाहेर उभे राहावे लागले असेल त्याला तसे वाटणार नाही.

मी लहानपणी सुट्टीत आजोळी जात असे. त्या गावी मोटारस्टँडवर एक हॉटेल होते. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते नाव कोणत्याही गावाचे असू शकेल. मी आणि माझा एक सोबती तेथे चहा प्यावयास गेलो. मला बाकावर बसविले आणि कपबशी दिली. त्याला बाहेर उभे केले. भिंतीतल्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला होता. तो त्याने आपल्या हाताने काढला, विसळला, आणि वरून ओतलेला चहा घेतला. तेव्हा घटना अमलात येऊन काही वर्षे झाली होती. अस्पृश्यतेचा १९५५ चा कायदाही झालेला होता. मी तो चहा प्यालो. उठून बाहेर त्याच्याजवळ जावे, हे मला सुचले नाही. तो चहा चांगला होता, हे मला अजून आठवते, आणि आठवल्याची लाज वाटते.

अशा वेळी उठून काय करावे हे एका छत्रपतीला मात्र पूर्वीच सुचले होते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गृहस्थाला शाहू महाराजांनी हॉटेल काढावयास साहाय्य केले. आणि गिऱ्हाईक येईना तेव्हा महाराज स्वतः आपल्या लवाजम्यासह तेथे जाऊन चहा पिऊ लागले. राजा चहा पितो म्हटल्यावर बरोबरच्यांना नाही म्हणता येईना. पुण्यात चहा पिण्याबद्दल प्रायश्चित्त. कोल्हापुरात चहा न पिण्याची चोरी! दोन शहरांतील हे अंतर मैलांचे नव्हते.

आपल्या पुण्यालाही अभिमान वाटावा असे एक दार पुढे उघडले. १९७४ मध्ये बाबा आढाव ह्यांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. दिवसभर पोती वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात, पोटभर, स्वच्छ झुणका-भाकर. नफ्याचा हेतू नाही. पुण्यातल्या उत्तम खाण्याच्या जागांची यादी कोणी केली आणि तीत हे नाव नसले, तर ती यादी मी अपुरी समजतो. तेथली भाकर मी खाल्ली आहे. ती उत्तम आहे, हे दयेने नव्हे, चवीने सांगतो.

उपसंहार

श्रोते हो, दारे एकदा उघडली म्हणजे कायमची उघडी राहतात असे नाही. आज अन्न दुकानातून आपल्या घरी चालत येते. पण ते आणणाऱ्या मुलाला पुष्कळ इमारतींत वेगळ्या लिफ्टने जावे लागते. पाटी बदलते, कोनाडा बदलतो, कप तोच राहतो. तेव्हा आपल्या दारापाशी काय चालले आहे, इकडे लक्ष असू द्यावे.

दुसरी गोष्ट जतनाची. दिनकर केळकर ह्यांनी घरोघर फिरून अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी गोळा केली आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. म्हणून आपले आजी-आजोबा कशात शिजवीत हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. ते बाहेर कोठे खात, किती पैसे देत, कोणाच्या शेजारी बसत, हे सांगणारे दरपत्रक, पाटी, वही मात्र आपण रद्दीत घालतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले तेव्हा असे पुष्कळ धन वाहून गेले. उरलेले आपण आपल्या हाताने वाहवू नये. आपल्या घरी जुने दरपत्रक असेल तर ते जपा. आईला, आजीला विचारा, हॉटेलात प्रथम केव्हा गेलात. उत्तर लिहून ठेवा. तो इतिहास आहे.

आणि मिसळीविषयीचा वाद? तो खुशाल चालू द्या. बेडेकर की रामनाथ, श्रूसबरी चहात बुडवावे की नाही, ह्यावर सर्व जातींची, सर्व पेठांची माणसे एकाच टेबलाशी बसून कडाकडा भांडतात, तेव्हा मला त्या भांडणात एक मोठी सुधारणा पार पडलेली दिसते. भांडण एका टेबलाशी होत आहे, हेच त्यातले मुख्य.

आता सभा सुटेल. दारापाशी घोळके जमतील. आपापल्या घोळक्यात जरूर जा. पण जाण्यापूर्वी एकदा पाहा, कोणी एकटा बाजूला उभा तर नाही ना. असला तर त्यालाही विचारा, 'चहाला येता का?' चहा कोठे घ्यावयाचा, ते मग ठरविता येईल.